विल्यम मार्शलची वंशावळ मांडायची तर लेकींना जागा ठेवा

शाळेच्या प्रदर्शनासाठी वंशावळ करायची म्हटली की मुलं भोसल्यांची नाहीतर पेशव्यांची करतात. ती हवीच. पण परळला मी जिथे इतिहास शिकवते तिथे चिलखतवाल्या सरदारांचं वेड असलेली मुलंमुलीही आहेत. त्यांना मी हटकून विल्यम मार्शल घ्यायला सांगते. ११४७ च्या आसपास जन्मलेला, वाट्याला जमीन येण्याची आशा नसलेला चौथा मुलगा. १२१६ साली इंग्लंडच्या गादीवर ९ वर्षांचा हेन्री तिसरा आला, तेव्हा त्याच्या नावाने कारभार पाहिला तो यानेच.

अब्दुल रहमान स्ट्रीटवरून मोठा पांढरा कार्डशीट आणा आणि तो आडवा धरा. उभा धरलात तर दहा भावंडांची ओळ मावत नाही, आणि जागा कमी पडली की मुलं आधी मुलींची नावं गाळतात. या घराण्यात ती गाळली तर काही उरतच नाही. सगळं आधी पेन्सिलीने लिहा. लाल स्केचपेन फक्त जमीन आणि पदं कुणाकडून कुणाकडे गेली ते दाखवायला ठेवा.

मधोमध विल्यम आणि त्याची बायको इझाबेल द क्लेअर यांची नावं शेजारी शेजारी, एकाच आकाराच्या अक्षरांत लिहा. लग्न १२ व्या शतकाच्या अखेरीस, ११८९ साली झालं. तो चाळिशी ओलांडलेला, ती जेमतेम सतरा-अठराची. तोवर घोड्यावरून भाले-तलवारींनी लढायच्या स्पर्धा (टूर्नामेंट) गाजवलेल्या या माणसाकडे नाव होतं, पण मोठी जहागीर नव्हती. ती आली इझाबेलकडून: वेल्सच्या सीमेवरचा चेपस्टोचा किल्ला, वेल्समधल्या पेम्ब्रोकवरचा हक्क आणि आयर्लंडमधलं लेन्स्टर. लेन्स्टर तिच्याकडे कसं आलं हे दाखवायला तिच्या डोक्यावर आईबापांची नावं हवीत. बाप स्ट्राँगबो म्हणून ओळखला जाणारा रिचर्ड द क्लेअर, आई लेन्स्टरच्या राजाची मुलगी ईफा. लाल रेघ ईफापासून निघून इझाबेलमार्गे विल्यमकडे येऊ द्या.

विल्यमच्या वर बाप जॉन मार्शल आणि आई सिबिल. बापाची गोष्ट सगळ्यांना आवडते. ११५२ साली न्यूबरीच्या वेढ्यात त्याने पोराला राजा स्टीफनकडे ओलीस ठेवलं, वर शब्दही मोडला. पोराला फाशी देऊ म्हटल्यावर, हातोडा आणि ऐरण माझ्यापाशी आहेत, याहून सरस मुलं घडवीन, असा निरोप पाठवला. स्टीफनला दया आली. हा प्रसंग आपल्याला कळतो तो विल्यमच्या थोरल्या मुलाने करवून घेतलेल्या १९,००० हून जास्त ओळींच्या फ्रेंच पद्यचरित्रातून. बखरीसारखंच तेही धन्याच्या बाजूने लिहिलेलं आहे, तेव्हा अशा प्रसंगापुढे ‘चरित्रानुसार’ एवढं तरी लिहाच. आईची बाजू मात्र कुणी विचारत नाही. तिचा भाऊ पॅट्रिक हा सॉल्झबरीचा अर्ल, म्हणजे बडा सरदार. ११६८ मध्ये तो फ्रान्समध्ये मारला गेला, सोबतचा विल्यम जखमी होऊन कैदेत पडला आणि हेन्री दुसऱ्याची राणी एलिनोर हिने खंडणी भरून त्याला सोडवलं. राजघराण्याशी त्याची जवळीक तिथून वाढली.

आता खालची ओळ. पाच मुलगे: विल्यम, रिचर्ड, गिल्बर्ट, वॉल्टर, अन्सेल्म. मृत्यू अनुक्रमे १२३१, १२३४, १२४१ आणि शेवटच्या दोघांचे १२४५. पाचही जण बापाच्या पदावर आले आणि एकाच्याही मागे औरस मूल राहिलं नाही. एका बिशपच्या शापाची कथा सांगतात; ती हवी तर कोपऱ्यात लिहा, कारण म्हणून नको.

पाच लेकी: मॉड, इझाबेल, सिबिल, इव्हा, जोन. इथे वेळ घ्या. इझाबेल दोन, सिबिल दोन, म्हणून प्रत्येकीपुढे नवऱ्याचं घराणं लिहा: बिगॉड, द क्लेअर, फेरर्स, ब्रिओझ, मंचेन्सी. भाऊ संपल्यावर जहागिरीचे पाच वाटे झाले आणि ते या लेकींच्या किंवा त्यांच्या वारसांच्या हाती गेले. ज्यावरून घराण्याला नाव पडलं ते मार्शल हे दरबारी पद मॉडकडून बिगॉडांकडे गेलं.

इंग्लंडमधल्या लिंकन शहरातली १२१७ ची लढाई चार शब्दांत उरका, सत्तरीचा म्हातारा विल्यम घोड्यावर बसून लढला एवढं पुरे. उरलेली जागा कॅव्हरशॅमच्या वाड्यातल्या त्याच्या शेवटच्या आजारपणाला द्या. चरित्रात आहे की मरणाआधी त्याला गावंसं वाटलं. लोक काय म्हणतील म्हणून तो गप्प राहिला, तेव्हा मुलींना बोलावलं. मॉड गायली. लग्न न झालेली धाकटी जोन लाजत लाजत गायली, तर त्याने तिला कसं गायचं ते म्हणून दाखवलं. तिची सोय काय होणार ही काळजीही त्याने बोलून दाखवली होती. हा मजकूर जोनच्या नावाखालीच लिहा.

शेवटची लाल रेघ विल्यमची लेक इझाबेल हिच्यापासून काढा; ही रेघ जमिनीची नाही, वंशाची. तिच्या मुलीचं लग्न ब्रूस घराण्यात झालं आणि त्या जोडप्याचा नातू म्हणजे स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस. कार्डशीटची उजवी कड त्याच्यासाठी आधीच मोकळी ठेवा.