जुन्या टूरिंग बाइकचा एबीएसचा दिवा: माझा अनुभव

एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. बाइक थोडी पुढे नेली की तिचा दिवा विझायला हवा. माझ्या बाइकचा विझेचना. मेकॅनिक म्हणाला, मॉड्युल (एबीएस चालवणारा मुख्य भाग) गेलंय, बदला. एवढा महागडा भाग नुसत्या अंदाजावर बदलायला मन धजेना.

मल्टिमीटर लावला. उभ्या बाइकवर बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे ठणठणीत. पण स्टार्टर दाबताच थेट ९ च्या खाली! सुरुवातीला एबीएस स्वतःची तपासणी करतं, ती चालू असताना व्होल्टेज असं कोसळलं की ते सरळ बंदच होतं. नवी बॅटरी टाकली, अर्थिंगचं टोक घासून घट्ट केलं. दिवा विझला, पण चाळीसेक किलोमीटरनंतर पुन्हा पेटला.

मग मागचं चाक काढलं. चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या टोकाला लोखंडाची काळी भुकटी चिकटलेली (तिथे चुंबक असतो, ती बसणारच). टोक आणि समोरची, चाकाबरोबर फिरणारी दातेरी रिंग मऊ ब्रशने साफ केली, मधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून मॅन्युअलप्रमाणे जुळवली. तेव्हापासून दिवा नाही.

ब्रेक ऑइलही त्याच दिवशी बदललं. ते हवेतला ओलावा शोषतं आणि मॉड्युलमधले बारीक व्हॉल्व्ह गंजून अडकतात. मॉड्युल खरोखर जातं ते बहुधा असंच, म्हणून मी आता दर २ वर्षांनी हे ऑइल बदलतोच, बाइक उभी असली तरी.