एकट्या पफरसाठी घर लावताना

मासा सगळ्यात शेवटी आणायचा, हे आधी मनाशी पक्कं करा. पी पफर हा घाबरला की फुगणारा मासा जेमतेम इंचभर वाढतो, म्हणून लोक काचेच्या बरणीत ठेवायला निघतात. बरणीचा विचार सोडून द्या. दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी घ्या. तिच्यात साधारण ४० लिटर पाणी मावतं आणि एकट्याला ती ऐसपैस होते. वाळू-पाण्यासकट वजन ५० किलोच्या पुढे जातं, तेव्हा टीपॉय नको, भक्कम टेबल हवं, तेही उन्हाच्या खिडकीपासून लांब. झाकण, स्पंज फिल्टर आणि त्याला एअर पंप एवढं पुरे. जोरदार प्रवाहाचा फिल्टर या माशाला झेपत नाही.

खाली बारीक वाळू घाला. वर वालिसनेरिया, जावा मॉस या पाणवनस्पती आणि एखादं लाकूड अशी दाटी करा. पफर दिवसभर कोपरान् कोपरा हुंगत फिरतो. मोकळ्या टाकीत मात्र तो काचेवर वर-खाली येरझाऱ्या घालत बसतो.

मग पाणी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून अँटीक्लोरीनची बाटली आणि अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट मोजायचं टेस्ट किट घ्या. किट महाग वाटेल, पण त्याच्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे. टाकी भरून फिल्टर सुरू करा आणि रोज माशांच्या खाण्याची चिमूट टाकत राहा. ते कुजून अमोनिया होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. ही घडी बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या कुणाच्या चालू टाकीतल्या स्पंजचा तुकडा मिळाला तर लवकर बसते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत दुकानाकडे फिरकू नका.

या रिकाम्या आठवड्यांत खरं काम उरकायचं, ते खाण्याचं. दाणे, फ्लेक्स याला बहुधा चालत नाहीत. याला लागतात बारीक गोगलगायी, ब्लडवर्म नावाच्या लाल अळ्या, डॅफ्निया नावाचे पाण्यातले बारीक जीव. म्हणून एका बादलीत किंवा जुन्या बरणीत पाणवनस्पतींबरोबर फुकट येणाऱ्या गोगलगायी वाढवायला घ्या. उकडलेल्या पालकावर त्यांची प्रजा महिन्याभरात हाताबाहेर जाते. लांबट शंखाच्या, टणक कवचाच्या मात्र नकोत. त्या फोडताना दात तुटू शकतो. रंकाळ्यातून किंवा पंचगंगेतून गोगलगायी उचलून आणायचा मोह आवरा, त्यांच्याबरोबर रोग येतात. फ्रोझन ब्लडवर्मसाठी फ्रीजरमध्ये एक बंद डबा लागेल. त्याची परवानगी घरातून आधीच घ्या. मटणाशेजारी अळ्या दिसल्यावर घेऊ म्हणाल तर मिळणार नाही.

कोल्हापूरच्या हवेसाठी दोन गोष्टी जास्तीच्या. थंडीत रात्री पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो आणि याला २४ ते २८ लागतं, म्हणून ५० वॅटचा हीटर आणि थर्मामीटर. दुसरी सोय पावसाळ्याची. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि शहरात नळाला पाणी नव्हतं. टँकरचं पाणी कुठलं, हे माशाला सांगता येत नाही. जुलै लागला की क्लोरीन काढलेल्या पाण्याचे दोन कॅन भरून ठेवा, सोबत बॅटरीवरचा एअर पंप. एरवी दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं.

‘एकट्याला करमतं का त्याला?’ हे घरी कुणीतरी विचारणारच. एवढ्याशा टाकीत दोन नर घातले तर एक दुसऱ्याला जगू देत नाही, आणि गप्पी किंवा बेटा जातीचा मासा घातला तर त्याच्या शेपटीचे तुकडे होतात. करमणूक म्हणाल तर तो तुम्हालाच बघत बसेल. त्याचे डोळे वेगवेगळे फिरतात.

आता दुकान. हा मासा आपल्याच पश्चिम घाटाचा, केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांमधला, आणि जंगली साठा घटत चाललेला. टाकीत पैदास केलेला मिळतो का, हे आधी विचारा. पफर म्हणून हिरवा, काळ्या ठिपक्यांचा दाखवला तर घेऊ नका. तो सहा इंच होतो आणि मोठेपणी त्याला मचूळ पाणी लागतं. पोट खपाटीला गेलेलाही नको, बहुतेकदा आतड्यात जंत असतात. दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा. खाल्लं तरच पैसे काढा. जाळीने उचलू देऊ नका, पाण्यासकट कपात घ्यायला लावा. पाण्याबाहेर घाबरून फुगला तर पोटात हवा जाते आणि ती बाहेर काढणं त्याला जड जातं.

घरी आणल्यावर पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा आणि टाकीतलं पाणी थोडं थोडं आत घाला. दिवा बंदच असू दे. त्या दिवशी खायला काही नको. दुसऱ्या दिवशी तीन-चार गोगलगायी सोडा, आणि लगेच तोंड लावलं नाही तर त्या तशाच राहू द्या, कुजत नाहीत. ब्लडवर्म मात्र उरले तर तासाभरात नळीने ओढून घ्या.