पाळीत पोट दुखतं? मग निदान या चुका तरी टाळा

"गोळी घेतली, पण काही फरक पडला नाही." स्त्रीरोग विभागात सिस्टर म्हणून काम करताना हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडतं की पुढचा प्रश्न आपोआप तोंडातून निघतो, "कधी घेतली?" उत्तरही ठरलेलंच असतं. "अगदीच सहन होईना तेव्हा."

गोळी उशिरा घेणं

सगळ्या चुकांमध्ये मला सर्वांत जास्त चीड येते ती हिची, कारण ही टाळायला पैसा लागत नाही की तपासण्या लागत नाहीत.

पाळी येण्याच्या सुमारास प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन घसरतं आणि गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटू लागतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू करकचून आवळला जातो, रक्तवाहिन्या आकसतात, स्नायूला रक्त कमी पडतं आणि कळ येते. हीच रसायनं आतड्यालाही छळतात. पहिल्या दिवशी मळमळ आणि जुलाब होतात ते बहुतेक वेळा त्यामुळेच, दरवेळी 'काहीतरी बाधलं' म्हणून नव्हे. आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड, नॅप्रोक्सेन या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच रोखतात. ॲस्पिरिन नेमकं हेच करतं हे जॉन व्हेन या शास्त्रज्ञांनी १९७१ साली दाखवलं आणि प्रोस्टाग्लँडिनवरच्या कामासाठी १९८२ चं नोबेल त्यांना बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन यांच्यासोबत मिळालं. म्हणजे ही माहिती काही कालपरवाची नाही.

आता विचार करा. रसायनं तयार होऊन बसली, गर्भाशय पिळवटायला लागलं, आणि मग तुम्ही गोळी घेतली. दूध उतू गेल्यावर गॅस बंद करून काय होणार?

कॉलेजातली एक मुलगी दर महिन्याला कॅज्युअल्टीत यायची. व्हीलचेअरवर, पाय पोटाशी घेतलेले, केस घामाने कपाळाला चिकटलेले. सोबत आई. पर्समध्ये गोळ्यांची पट्टी असायची, डॉक्टरांनीच लिहून दिलेली. सकाळी रक्तस्राव सुरू झाला की ती दुपारपर्यंत दात-ओठ खाऊन थांबायची, मग रिकाम्या पोटी एक गोळी, ती उलटून पडायची, मग दुसरी, तीही उलटायची. मग इंजेक्शन. आई म्हणायची, "मीच सांगते सिस्टर, उगाच गोळ्या नकोत म्हणून. सवय लागते ना."

सवय लागत नाही. महिन्यातले दोन-तीन दिवस या गोळ्या घेतल्याने व्यसन लागत नाही आणि पुढे मूल होण्यातही अडचण येत नाही. ही भीती घालणाऱ्यांनी कधी त्या व्हीलचेअरवर बसून बघावं.

मी त्या मुलीच्या पट्टीवरच बॉलपेननं वेळा लिहून दिल्या: डाग दिसताच पहिली, खाऊन, आठ तासांनी दुसरी, मग तिसरी. पुढच्या महिन्यात ती आली, पण दुसऱ्या दिवशी. पहिला दिवस झकास गेला, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी टाळली, आणि दुपारी पुन्हा तीच कथा. 'बरं वाटतंय' हे गोळी चालू असल्यामुळे वाटत होतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. जास्त स्रावाचे पहिले दोन, फार तर तीन दिवस गोळी घड्याळ बघून घ्यायची, कळ बघून नाही. त्यानंतर मात्र थांबायचं.

मोठ्या बाईचा नेहमीचा डोस म्हणजे आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम दर सहा ते आठ तासांनी, किंवा मेफेनॅमिक ॲसिड ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. पाळी ठरलेल्या तारखेला येत असेल तर आदल्या दिवसापासून सुरू केलं तरी चालतं. माझा आग्रह एकच: पट्टी पर्सच्या पुढच्या कप्प्यात ठेवा, घरातल्या कपाटात नाही. पाळी तुम्ही घरी पोचण्याची वाट बघत नाही.

या गोळ्या सगळ्यांसाठी नाहीत. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, वेदनाशामकांनी उसळणारा दमा, रक्त पातळ करणारं औषध चालू असणं, गरोदर असण्याची शंका, यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. अशांना पॅरासिटामॉल देतात. ते सौम्य पडतं, पण काहीच न घेण्यापेक्षा बरं.

दोन नावं, एकच औषध

एका कंपनीची गोळी, वर मैत्रिणीने दिलेली दुसऱ्या कंपनीची, आणि दोन्हींत तेच मेफेनॅमिक ॲसिड. किंवा एकीत आयब्युप्रोफेन आणि दुसरीत डायक्लोफेनॅक, म्हणजे एकाच जातीची दोन औषधं. पट्टीवरचं मोठं नाव वाचू नका, त्याखालची बारीक ओळ वाचा.

अर्धी गोळी

अर्ध्या गोळीने अर्धं दुखणं जात नाही. पुढे.

चटके बसेपर्यंत शेक

शेकाला मी कमी लेखत नाही. २००१ सालच्या एका चाचणीत ३९ अंशांच्या आसपास तापमान राखणारा पट्टा पोटावर रोज १२ तास ठेवला, आणि आराम आयब्युप्रोफेनच्या तोडीचा मिळाला. तापमान नीट वाचा. एकोणचाळीस. हाताला सुखद ऊब लागते तेवढंच. आमच्याकडे येणाऱ्या काही जणींच्या ओटीपोटावर तपकिरी रेषांची जाळी उमटलेली दिसते, जणू त्वचेखाली कुणी मासे पकडायचं जाळं पसरलंय. त्या म्हणतात, "पुरळ आलंय बहुतेक." पुरळ नाही ते. महिनोन्‌महिने एकाच जागी कडक पिशवी दाबून धरल्याची ती खूण आहे. शेक बंद केला की सहसा हळूहळू फिकी होते, पण फार जुनी झाली तर कायमची राहू शकते. मी स्वतः पिशवीभोवती जाडसर टॉवेल गुंडाळते, वीस मिनिटांनी जागा बदलते आणि पिशवी घेऊन झोपत नाही. बधिर व्हायला होईल इतका शेक घ्यावासा वाटत असेल तर शेक वाढवू नका, औषध कमी पडतंय का ते बघा.

दिवसभर अंथरुणात

पहिल्या दिवशी कळा येत असताना कुणी धावायला जा म्हणत नाही. पण एरवी नियमितपणे आठवड्यातून तीनदा पाऊण ते एक तास व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं कमी होतं, याला बरा पुरावा आहे. याचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात. एका पाळीत निकाल मागणाऱ्यांनी इथे सुरुवातच करू नये, कारण त्या दुसऱ्या महिन्यात सोडतातच.

"सोनोग्राफी नॉर्मल आहे, म्हणजे काही नाही"

ही माझी दुसरी डोकेदुखी, आणि यात चूक फक्त पेशंटची नसते.

तिशीतली एक बाई आमच्या ओपीडीत आली तेव्हा तिच्या हातात जाडजूड फाईल होती. प्लॅस्टिकच्या कप्प्यांमध्ये तारखेनुसार लावलेले रिपोर्ट. सगळ्या सोनोग्राफी नॉर्मल. अगोदर जिथे जिथे गेली तिथे "टेन्शन घेऊ नका" म्हणून पाठवलेली. कुणीतरी "मूल झालं की थांबेल" असंही सांगितलेलं. बाहेर बाकावर नंबरची वाट बघताना मी तिला नेहमीचे प्रश्न विचारले. पाळीत संडासला बसताना आत कळ जाते का? हो. संबंधांच्या वेळी खोलवर दुखतं का? ती थांबली, खाली बघितलं, मग हो. दुखणं पाळीच्या किती दिवस आधी सुरू होतं? आधी एक दिवस असायचं, आता आठवडाभर. फाईलमध्ये यातलं एक अक्षर नव्हतं. पुढे दुर्बिणीच्या तपासणीत एंडोमेट्रिओसिस निघालं.

एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढणं: बीजांडकोशावर, पोटाच्या आतल्या पडद्यावर, आतड्याजवळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना हा त्रास असतो, म्हणजे दुर्मीळ मुळीच नाही. बीजांडकोशात मोठी चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, असेल तर सोनोग्राफीत दिसते, पडद्यावरचे बारीक ठिपके दिसत नाहीत. त्यामुळे नॉर्मल रिपोर्टचा अर्थ 'गाठ दिसली नाही' इतकाच. आणि उपचारासाठी आधी दुर्बिणीचं ऑपरेशन झालंच पाहिजे असंही नाही. लक्षणांवरून औषध सुरू करून बघता येतं, २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या, डायनोजेस्ट नावाची हॉर्मोनची गोळी, किंवा हॉर्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी साधनं, असे पर्याय असतात. गर्भनिरोधक गोळीचं नाव काढताच ताठ होणाऱ्या आयांना मी एवढंच सांगते की इथे ते दुखण्याचं औषध आहे.

साध्या पाळीच्या दुखण्याची एक ठराविक चाल असते. पहिल्या पाळीनंतर साधारण सहा महिने ते वर्षभरात सुरू होतं, स्रावाबरोबर किंवा किंचित आधी येतं, दोन-तीन दिवसांत जातं आणि दर महिन्याला तसंच असतं. ही चाल मोडली की शंका घ्यायची. वर्षानुवर्षं न दुखता तिशी-चाळिशीत अचानक दुखायला लागलं, स्राव वाढला, तर फायब्रॉइड (गर्भाशयातली साधी गाठ) किंवा ॲडिनोमायोसिस (अस्तराच्या पेशी गर्भाशयाच्या स्नायूत शिरणं) आहे का ते बघावं लागतं. नुकतीच साधी तांब्याची कॉपर-टी बसवली असेल तर पहिले काही महिने कळा वाढू शकतात, ते वेगळं. आणि मुलीला पाळी आलेलीच नाही, पण दर महिन्याला ओटीपोट दुखतंय, तर "येईल हळूहळू" म्हणत बसू नका. आत रक्त साचत असू शकतं.

योग्य डोस, योग्य वेळी, लागोपाठ तीन पाळ्यांत घेऊनही शाळा-नोकरी बुडत असेल तर गोळीचा ब्रँड बदलत बसायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं.

"खूप दुखतं" एवढंच सांगणं

डॉक्टरांकडे पाच मिनिटं असतात. साध्या कॅलेंडरवर रोज तीन गोष्टी लिहा: दुखणं दहापैकी किती, कुठलं औषध किती वाजता, आणि काय करता आलं नाही. ॲप वापरा हवं तर, पण मला कागद आवडतो, कारण तो डॉक्टरांसमोर टेबलावर ठेवता येतो आणि त्यांना बघावाच लागतो.

पाळी पुढे ढकलून दुखणं टाळणं

नोरेथिस्टेरॉन, म्हणजे पाळी लांबवायची हॉर्मोनची गोळी, थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येतेच, कळांसकट. रक्ताच्या गाठी, मायग्रेन, यकृताचा त्रास असलेल्या बायका दुकानातून परस्पर आणून या गोळ्या घेतात तेव्हा मला घाम फुटतो.

"एक इंजेक्शन द्या आणि मोकळं करा"

गोळी पोटात टिकतच नसेल तर इंजेक्शन ठीक. पण दर महिन्याची योजना म्हणून इंजेक्शन मागणाऱ्यांना मी आधी पट्टीवरच्या वेळा विचारते. बहुतेकींची पट्टी घरी असते.

दरवेळी 'पाळीचंच असेल' समजणं

पाळी चुकली आहे आणि एका बाजूला अचानक जोरात दुखतंय, चक्कर येतेय, तर आधी गर्भचाचणी. गर्भ नळीत रुजला असेल तर तास मोजून धावपळ करावी लागते. ताप आणि दुर्गंधी स्राव असेल तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि असं दोन तास चाललंय, किंवा शुद्ध हरपली, तर शेक, गोळी, कॅलेंडर सगळं तिथेच ठेवून कॅज्युअल्टीत या. रात्रीचे तीन वाजले असले तरी.