व्हीएसएमएस पहिल्यांदा घेताय? आधी हे वाचा

विशेष शिक्षणाचं डी.एड. किंवा बी.एड. करणारे, मानसशास्त्राचं एम.ए. करून क्लिनिकमध्ये इंटर्नशिपला लागलेले, अशांसाठी हे लिहितोय. व्हीएसएमएस म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. मुलाची सामाजिक परिपक्वता मोजणारी, एडगर डॉल यांची १९३५ ची व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल, नागपूरच्या डॉ. मॅलिन यांनी केलेलं तिचं भारतीय रूप, ८९ आयटम, जन्मापासून १५ वर्षांपर्यंत, आठ क्षेत्रं. पार झालेल्या आयटमवरून निघणारं सामाजिक वय भागिले खरं वय, गुणिले १००, आला एसक्यू, म्हणजे सामाजिक गुणांक. परीक्षेत एवढं लिहिलं की गुण मिळतात.

अडचण खोलीत सुरू होते. समोर आई बसलेली, मूल टेबलाखाली शिरलेलं, बाहेर रांग. तुम्ही विचारता, "स्वतःच्या हाताने जेवतो का?" आई म्हणते, "हो, जेवतो की." तुम्ही अधिकची, म्हणजे आयटम पार झाल्याची, खूण करता आणि पुढच्या आयटमवर जाता. चाचणी इथेच बिघडली, आणि पुढचा पाऊण तास ती बिघडतच राहणार.

ही चाचणी मुलाला काय जमतं हे मोजत नाही. मूल रोज, सवयीने, कोणी न सांगता काय करतं, ते मोजते. फरक पुस्तकात सगळ्यांनी वाचलेला असतो, पण खोलीत प्रश्न "जमतं का", "येतं का" असेच तोंडातून निघतात. आईने खोटं काही सांगितलेलं नसतं. तुम्ही जमतं का विचारलंत, तिने जमतं म्हणून सांगितलं. तिला तो एका चांगल्या दिवशी, पाहुण्यांसमोर, अख्खी पोळी हाताने खाल्लेला आठवतो. वर्षातले उरलेले दिवस तुम्ही विचारलेच नाहीत.

म्हणून आयटम वाचून दाखवायचाच नाही. कालच्या दिवसाबद्दल विचारायचं. "ताई, काल रात्री जेवायला काय होतं?" वरण-भात आणि पोळी. ताट कोणी वाढलं? आजीने. पोळी अख्खी दिली की तुकडे करून? चुरून, दुधात. भात कोणी कालवला? आजीनेच, तो नुसता पांढरा भात खातो. मग घास कोणी घेतला? पहिले चार-पाच त्याने स्वतः घेतले. पुढे? उठून पळाला, मग मोबाईलवर कार्टून लावून आजीने भरवलं. जेवण संपायला किती वेळ लागला? तासभर. हात कोणी धुतले? "मीच, बेसिनला हात पोचत नाही ना त्याचा."

एका "हो, जेवतो की"च्या पोटात एवढं सगळं होतं. हाताने घास तोंडात नेणं येतं आणि होतं. भात कालवणं होत नाही. ताटावर बसून जेवण संपवणं होत नाही. हात धुणं होत नाही, आणि तिथे संधी नसल्याचा मुद्दाही आहे, तो पुढे येईलच. भात नीट कालवून खाणं हा आयटम मॅलिन यांच्या रूपात आहे, पण पुष्कळ जण तो "जेवतो की"मध्येच उरकून टाकतात.

हेच कपड्यांचं. "कपडे घालतो का?" यावर हो येतं. "आज सकाळी शर्ट कोणी घातला?" यावर खरं बाहेर येतं: आईने बाह्या धरल्या, त्याने हात घातले, बटणं आईने लावली. हेच शौचाचं. सांगतो का, चड्डी कोण काढतं, पाणी कोण ओततं, धुतं कोण, रात्री अंथरूण ओलं होतं का, हे पाच वेगळे प्रश्न आहेत. "टॉयलेट ट्रेन्ड आहे" हा शब्द फॉर्मवर लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही.

आता हिशोब पाहा, म्हणजे मी एवढं का ताणतोय ते कळेल. समजा मूल ६ वर्षं ४ महिन्यांचं आहे, म्हणजे ७६ महिने. तीन वर्षांपर्यंतचे ४४ आयटम पार. तीन ते चार वर्षांच्या सहापैकी चार पार, चार ते पाचच्या सहापैकी दोन. एकूण ५०. या दोन्ही पट्ट्यांत प्रत्येक आयटम दोन महिन्यांचा, म्हणून ३६ अधिक ८ अधिक ४, सामाजिक वय ४८ महिने. एसक्यू ६३. आता बटणं लावणं, हात धुणं, शौचाची स्वतःची सोय बघणं आणि नाड्या-लेस सोडून बाकी कपडे घालणं, हे चारही आयटम आईच्या "हो, येतं"वर पार धरले. एकूण ५४, सामाजिक वय ५६ महिने, एसक्यू ७४.

६३ आणि ७४ मधला फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण अक्षमता मोजण्याच्या केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतल्या तक्त्यात ५५ ते ६९ ला ५० टक्के अक्षमता होती, ७० ते ८४ ला २५ टक्के. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने लाक्षणिक अक्षमतेची, म्हणजे सवलतींना पात्र ठरवणारी, रेघ ४० टक्क्यांवर आखली आहे. तुमच्या चार अधिक खुणांनी ते मूल रेघेच्या खाली गेलं, आणि त्या घराला मिळणारी सवलत, शिष्यवृत्ती, आरक्षण सगळं अडलं. २०२४ मध्ये सुधारित सूचना आल्या आहेत, त्यांची प्रत टेबलावर ठेवा आणि अक्षमतेचं प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय बोर्डाकडे जाणारा प्रत्येक रिपोर्ट तिच्याशी ताडून पाहा.

उलट दिशेनेही घसरता येतं. प्रमाणपत्रासाठी आलेलं घर कधीकधी सगळ्यालाच "नाही, नाही" म्हणतं. तेव्हाही उपाय तोच, कालचा दिवस. खोटं "नाही" पाच प्रश्नांपलीकडे टिकत नाही, कारण दिवसाचा तपशील जुळवत बसणं अवघड असतं. चिडू नका, आवाज चढवू नका. त्या घराला टक्क्यांची भीती कोणीतरी घातलेली असते.

वय मोठं होईल तशी एकेक खूण महाग होत जाते. पहिल्या वर्षात १७ आयटम आहेत, म्हणजे एक चुकला तर महिनाही जात नाही. नऊ ते दहाच्या पट्टीत तीनच, म्हणजे एकेक चार महिन्यांचा. बारा ते पंधराच्या पट्टीत पाच, एकेक सात महिन्यांहून जास्त. तेरा वर्षांच्या मुलीच्या चाचणीत "अंदाजे हो" ही चैन परवडत नाही.

खऱ्या वयाचंही नीट बघा. आपल्याकडे शाळेत घालताना तारीख "लावून दिलेली" असते, १ जून तर अर्ध्या गावाची. जन्मदाखला मागा. तो नसेल तर लसीकरणाचं कार्ड मागा, अंगणवाडीची नोंद मागा. तारीख वजा करताना महिना ३० दिवसांचा धरा आणि वही-पेनने करा. मोबाईलवरची एसक्यू काढून देणारी ॲप मला पसंत नाहीत. बेरीज ती बरोबर करतात, पण आधीची खूण चुकीची असली तर तुम्हाला कळू देत नाहीत.

अर्धवट येणाऱ्या गोष्टींना डॉल यांनी अधिक-उणे अशी खूण ठेवली आहे, तिला अर्धा गुण. ती उदारपणे वाटू नका. कौशल्य खरंच उमलतंय, कधी होतं कधी नाही, तेव्हाच ती. आई दर वेळी हात धरून करवते, याला अर्धा गुण नाही. संधीच न मिळालेल्या आयटमची खूण वेगळी आहे, तिचा नियम पुस्तिकेत वाचा. दहाव्या मजल्यावरचं मूल एकटं खाली जात नाही, याचा अर्थ त्याला जाता येत नाही असा होत नाही. चार काक्या-आत्यांच्या घरातल्या शेंडेफळाला कोणी पाण्याचा पेला हातात घेऊ दिलेला नसतो. शंका असेल तर आईला सांगा, पंधरा दिवस पेला, बटणं, साबण त्याच्या हातात द्या, मदत करायची नाही, मग या. हे पंधरा दिवस वाया जात नाहीत. बोर्डाची तारीख जवळ असेल तर तसं रिपोर्टमध्ये लिहा, पण अंदाजाने खूण करू नका.

खोलीत थोडं सामान ठेवा: स्टीलचा पेला, ताट-वाटी, पुढे मोठी बटणं असलेला शर्ट, चेनची पिशवी, बक्कलची चप्पल, साबण, टॉवेल, पाच-दहाची नाणी. शर्ट उलटा करून मुलाच्या हातात द्या आणि गप्प बसा. आईलाही बसवा. मिनिटभरात मुलाच्या हातापेक्षा आईचा हात आधी पुढे येतो. तो हात कितव्या सेकंदाला आला तेही टिपून ठेवा, घरी काय चालतं त्याचा तो सगळ्यात खरा पुरावा. फक्त लक्षात ठेवा, खोलीत दिसलं ते "जमतं" आहे. त्यावर एकट्यावर खूण करू नका, मुलाखतीशी ताडून बघा.

माहिती देणारी व्यक्ती एकच ठेवू नका. वडील आले असतील तर त्यांना शेवटी विचारा. बहुतेक घरांत अंघोळ-जेवण त्यांनी पाहिलेलं नसतं, पण दुकानात, रस्त्यावर मूल कसं वागतं ते त्यांना ठाऊक असतं. आजी सांभाळत असेल तर आजीला बोलवा, फोनवर तरी. शाळेतल्या बाईंना डब्याबद्दल विचारा. घरी भरवून घेणारं मूल शाळेत डबा स्वतः संपवतं, हे इतक्यांदा निघतं की आता त्याचं आश्चर्य वाटत नाही.

आता थोडं कडवट. वेटिंगमध्ये बसलेल्या पालकाच्या हातात आयटमचा कागद देऊन "टिक करून द्या" म्हणणं, याला व्हीएसएमएस म्हणत नाहीत. आयक्यू ६० आला म्हणून एसक्यू ६२ बसवून टाकणं, याला तर काहीच म्हणत नाहीत. हे करणारे सीनियर तुम्हाला भेटतील, आणि "अरे, सगळे असंच करतात" हेही ऐकाल. बिने-कामत ही बुद्धिमापन चाचणी आणि व्हीएसएमएस यांचे आकडे लांब पडू शकतात. घरकाम, भाजी आणणं, धाकट्याला सांभाळणं हे सगळं करणारी पण शाळेत न टिकलेली मुलगी, आणि पाढे घडाघडा म्हणणारा पण बूट न घालता येणारा स्वमग्न मुलगा, दोघंही तुमच्यासमोर येणार आहेत. मतिमंदत्वाची तीव्रता पूर्वी आयक्यूवरून ठरायची. २०१३ च्या डीएसएम-५ ने, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेने, ती ठरवताना अनुकूलनाला, म्हणजे रोजचे व्यवहार निभावण्याला, पुढे आणलं. आकडे जुळले नाहीत तर जुळवू नका, का जुळत नाहीत ते लिहा.

शिकायचं असेल तर माझा सल्ला: नावाजलेल्या मानसतज्ज्ञाच्या शेजारी बसण्याआधी, पंधरा-वीस वर्षं विशेष शाळेत काढलेल्या बाईंसोबत आठवडाभर डब्याच्या सुट्टीला आणि बाथरूमच्या दाराशी उभे राहा. "शर्ट घालतो" याचे किती तुकडे असतात ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

सेरेब्रल पाल्सी किंवा अंधत्व असलेल्या मुलाला व्हीएसएमएस सरळ लावली तर चालणं, कपडे, जेवण या क्षेत्रांत गुण पडतात आणि आकडा खाली येतो. तो आकडा बुद्धीचा म्हणून वाचू नका. क्षेत्रवार प्रोफाइल द्या, शारीरिक कारण स्पष्ट लिहा. व्हाइनलँड-३, म्हणजे याच चाचणीची नवी आवृत्ती, वापरत असाल तर तिथला प्रमाणित गुण सरासरी १०० आणि विचलन १५ यावर बेतलेला असतो, व्हीएसएमएसचा एसक्यू हे साधं गुणोत्तर आहे. दोन रिपोर्टांतले ६८ आणि ६८ एकच समजू नका.

आणि एसक्यू काढला म्हणजे काय शिकवायचं ते कळलं असं होत नाही. त्यासाठी वेगळी साधनं आहेत. सिकंदराबादच्या, बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची बेसिक-एमआर ही पट्टी घ्या. तिच्या पहिल्या भागात सात क्षेत्रांत ४० प्रमाणे २८० आयटम आहेत, आणि गुण शून्य ते पाच. स्वतः करतो त्याला पाच, खुणेने करतो त्याला चार, तोंडी सांगितल्यावर तीन, हात धरल्यावर दोन, पूर्ण परावलंबी एक, लागू नाही तिथे शून्य. व्हीएसएमएसमध्ये जिथे तुमचा हात अडकला होता, तिथेच ही पट्टी कामाला येते. मद्रास पद्धतीची यादीही चालते, तिच्यात १८ क्षेत्रं, प्रत्येकी २० आयटम.

शर्टाचंच उदाहरण. बटणं सोडून बाकी सगळं तोंडी सांगितल्यावर होतंय, म्हणजे तीन. मग ध्येय "शर्ट घालेल" असं लिहू नका. आई पाचपैकी चार बटणं लावेल, शेवटचं तो लावेल, तोंडी सूचना फक्त एकदा, सलग तीन सकाळी जमलं की बटणं दोन, असं लिहा. शेवटच्या पायरीपासून मागे येत शिकवलं तर प्रत्येक वेळी काम मुलाच्या हातून पूर्ण होतं, आणि आईचा हात हळूहळू मागे सरतो.

सुरुवातीला प्रश्न सुचत नाहीत, आई मूळ विषय सोडून सासूबद्दल बोलू लागते, पाऊण तासाचे दीड तास होतात. होऊ द्या. सासूबद्दलच्या त्या दहा मिनिटांत घास कोण भरवतं हे आपसूक कळतं. सवय झाली की आठही क्षेत्रं एका दिवसाच्या गप्पांतून, सकाळी उठण्यापासून रात्री झोपेपर्यंत, ओळीने निघतात, आणि कागद तुम्ही ती गेल्यावर भरता. पण तो त्याच दिवशी भरा, आणि खुणांच्या शेजारी तिचे शब्द लिहा: "भात आजी कालवते", "हात पोचत नाही". वर्षभराने दुसरं कोणी हीच चाचणी पुन्हा घेईल, तेव्हा त्याला आकड्याआधी हे शब्द लागतील. बेसिनखाली ठेवायला एक पाट आणायला त्या आईला सांगायचं राहिलं असेल, तर तेही फोन करून सांगा.