धरणाकाठचं पडकं घर स्वस्तात घेताय? या चुका टाळा

पवना, मुळशी, पानशेत, भाटघर, भंडारदरा. या धरणांच्या काठची पडकी कौलारू घरं विकायला निघतात तेव्हा त्यांचे फोटो बहुतेक ऑक्टोबर-नोव्हेंबरातले असतात. धरण तुडुंब, डोंगर हिरवा, ओट्यापासून पाणी हाकेच्या अंतरावर. मे महिन्यात तेच पाणी पार खाली गेलेलं असतं आणि मधे भेगाळलेला गाळ पसरलेला असतो. म्हणून घर एकदाच, तेही चांगल्या दिवसात बघून व्यवहार ठरवणं ही पहिली आणि सर्वात महाग पडणारी चूक. मेअखेर विहिरीचं पाणी बघा, जुलैच्या मुसळधार पावसात छप्पर आणि रस्ता बघा. पावसाळ्यात घर दाखवायला टाळाटाळ होत असेल तर भाव करायला तेवढं कारण पुरेसं आहे.

समोरचा उतार आपलाच समजणं

"पाण्यापर्यंत सगळं आपलंच" हे वाक्य या भागात एजंटाच्या तोंडी हमखास असतं. ते सहसा खरं नसतं. धरण बांधताना बुडिताखाली जाणारी जमीन संपादित झालेली असते. ती जलसंपदा विभागाची. मुळशीत मात्र टाटांच्या वीजप्रकल्पासाठी घेतलेली. (1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला तो याच संपादनाविरुद्ध.) पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत गावकरी गाळपेर (ओल्या गाळात पेरणी) करतात, पण तीही परवानगीने. तिथे तुम्ही कुंपण, जेट्टी, शौचटाकी काहीही बांधलंत तरी ते अतिक्रमणच ठरणार. धरणातून मोटारीने पाणी उचलायलाही परवानगी लागते. भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा प्रत्यक्ष दाखवून घ्या आणि पैसे त्यानंतरच मोजा.

घरपट्टीच्या पावतीवर विसंबणं

ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. घर गावठाणात असेल तर सातबारा नसतो. ड्रोन मोजणी झालेल्या गावात मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) मिळते, ती मागा. घर शेतजमिनीत असेल तर कूळकायद्याचं कलम 63 आडवं येतं: शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. सातबारावर "भोगवटादार वर्ग 2" दिसलं तर थांबा. धरणग्रस्तांना पुनर्वसनात मिळालेल्या जमिनी बऱ्याचदा या वर्गात असतात आणि त्या विकायला आधी परवानगी लागते. इतर हक्कांच्या रकान्यात वारसांची नावं, बँकेचा बोजा, "खाजगी वने" असा शेरा यांतलं काही आहे का तेही वाचा. नोटरी केलेल्या करारावर घर "घेणारे" आजही भेटतात. नोंदणीकृत खरेदीखताशिवाय मालकी येत नाही, एवढं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

छपराआधी रंगाला हात घालणं

हातात पैसे मोजके असले की माणूस डोळ्यांना दिसेल तिथे खर्च करतो. ओट्याला फरशी, भिंतींना रंग, झोपाळा. मग जूनमध्ये छप्पर गळतं आणि सगळं पुन्हा.

गळती कुठून आहे ते आधी ओळखा, कारण उपाय वेगवेगळे आहेत. आढ्याच्या रेषेत थेंब पडत असतील तर वरच्या कोन्यांचा (आढ्यावरच्या कौलांचा) गिलावा तडकलेला असतो. तेवढाच काढून नव्याने भरायचा. छपराच्या मध्यावर एकाच जागी गळत असेल तर कौल फुटलं किंवा सरकलं आहे. सगळीकडूनच पाझरत असेल तर शेवाळ आणि पालापाचोळा साठून पाणी उलटं चढतंय, किंवा खालचा वासा वाकून उतार बिघडलाय. दोन छपरं मिळतात तिथली पत्र्याची पन्हळ गंजली असेल तर कौलं कितीही बदला, गळती थांबणार नाही.

कौलं उतरवली की प्रत्येक वासा आणि रीप (कौलं टेकतात ती लाकडी पट्टी) स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर लाकूड वाळवीने किंवा कुजीने संपलंय. जुन्या घरातलं सागाचं, ऐनाचं लाकूड पुष्कळदा भिंतीत रुतलेल्या टोकालाच कुजतं, बाकीचं खणखणीत असतं. अशा वेळी पूर्ण तुळई बदलायला सांगणाऱ्या मिस्त्रीपेक्षा कुजकं टोक कापून जोड देणारा सुतार शोधा. खर्चात मोठा फरक पडतो. वाळवीसाठी क्लोरपायरीफॉस मारायचं असेल तर विहीर आणि पाण्याचा काठ सोडून, पाऊस नसताना. ते माशांना अतिशय घातक आहे.

दरवर्षी मेमध्ये शाकारणी (कौलं काढून, साफ करून पुन्हा नीट लावणं) करावी लागते, हेही हिशेबात धरा. ते झेपणार नसेल तर कौलांखाली पत्रा घालणं वाईट नाही. नुसता पत्रा मात्र पावसात बोलू देत नाही आणि एप्रिलमध्ये बसू देत नाही.

ओल दिसली की वॉटरप्रूफ रंग

भिंतीचा खालचा दोन-तीन फुटांचा पट्टा ओला आणि लोणा (पांढरा क्षार) लागलेला असेल तर पाणी जमिनीतून चढतंय. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि वॉटरप्रूफ रंग मारला की ओल आत कोंडते, आणखी वर चढते, आणि रंग पापडासारखा फुगून सुटतो. आधी जोत्याला टेकलेली माती उकरून काढा, घराभोवती चर खणून पाणी उताराकडे वळवा, सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा करा. मग भिंत एक उन्हाळा वाळू द्या. एवढा धीर सहसा कुणाला नसतो.

पश्चिमेच्या भिंतीवर वरपासून डाग असतील तर ती झड, म्हणजे वाऱ्याने तिरका येणारा पाऊस. तिथे वळचण (छपराची बाहेर आलेली कड) दीड-दोन फूट पुढे काढणं हा खरा उपाय. तोवर पावसाळ्यापुरती गवताची किंवा झावळ्यांची ताटी बांधा. कारण कळत नसेल तर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतली. खोलीकडच्या बाजूला जमलं तर हवेतली, म्हणजे खिडक्या उघडा.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग लगेच बुजवू नका. तिच्यावर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहा. पावसाळ्यानंतर काच तडकलेली दिसली तर पाया हलतोय आणि गवंड्याआधी इंजिनिअर बोलवायचा.

शोषखड्डा कुठेही खणणं

उन्हाळ्यात संडास नीट चालतो आणि जुलैत गुडगुडून उलटा येतो, अशी तक्रार धरणाकाठी ठरलेली. तेव्हा जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, त्यामुळे शोषखड्डा शोषतच नाही. खड्डा जागेच्या उंच भागात घ्या, पिण्याच्या विहिरीपासून किमान 18 मीटर लांब.

कामाचं वेळापत्रक शहरातून ठरवणं

जुलैत गावातले गडी भातलावणीला असतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी-झोडणीला. दुप्पट मजुरी कबूल केली तरी कुणी येईलच असं नाही. म्हणजे हातात डिसेंबर ते मे. त्यातही पाणी मारावं लागेल अशी सिमेंटची कामं फेब्रुवारीपर्यंत उरका. मेमध्ये समोर धरण दिसत असतं आणि विहीर आटलेली असते, टँकरचा खर्च वेगळा. वीजजोडणी जुन्या मालकाच्या नावावर असेल तर थकबाकी बघून मीटर आधी नावावर करून घ्या. ओल्या भिंतींच्या घरात जुनी वायरिंग वापरात ठेवू नका. नवी अर्थिंग आणि 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय तिथे रात्री मुक्काम करू नये.