गाडीत चावीवरचा करंट शोधताना या चुका टाळा

डॅशकॅम, मागचा कॅमेरा किंवा मोबाइलचा चार्जर गाडीच्या वायरिंगला कायमचा जोडायचा म्हटलं, की पहिला प्रश्न येतो तो करंट कुठून घ्यायचा याचा. चावी फिरवली की सुरू व्हावं, काढली की बंद व्हावं, एवढीच अपेक्षा असते. मग फ्यूज बॉक्सचं झाकण निघतं आणि मल्टीमीटरचं लाल टोक एकेका फ्यूजला टेकवलं जातं. चावी चालू असताना १२ व्होल्ट आणि बंद केल्यावर शून्य दाखवणारा पहिला फ्यूज सापडला, की काम झालं असं वाटतं. बहुतेक भानगडी इथूनच सुरू होतात. चालू आणि बंद अशा दोनच अवस्थांत तपासलेला फ्यूज बाकीच्या वेळी काय करतो, हे कोणी पाहिलेलंच नसतं.

सेल्फ मारताना न तपासणं

चावीच्या पहिल्या खटक्याला अ‍ॅक्सेसरी लागते, म्हणजे रेडिओ आणि चार्जिंग सॉकेट. दुसऱ्या खटक्याला इग्निशन लागतं आणि डॅशबोर्डवरचे दिवे उजळतात. त्यापुढे सेल्फ. बटणाच्या गाडीत ब्रेक न दाबता बटण दाबत गेलं की साधारण याच पायऱ्या येतात. वायरिंगच्या नकाशात यांना आकडे असतात. डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकात ३० म्हणजे थेट बॅटरीवरून आलेला करंट, १५ म्हणजे इग्निशनवरचा, ७५ म्हणजे अ‍ॅक्सेसरीचा आणि ३१ म्हणजे अर्थ, करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायची बाजू. आपल्याला १५ किंवा ७५ हवा असतो. या दोघांतला फरक सेल्फ मारताना कळतो.

सेल्फची मोटर शंभर-दोनशे अँपिअर सहज ओढते. तिला पुरेसा करंट मिळावा म्हणून बऱ्याच गाड्यांत तेवढ्या वेळापुरती अ‍ॅक्सेसरीची लाइन तुटते. परिणाम असा, की डॅशकॅम पहिल्या खटक्याला सुरू होतो, इंजिन सुरू होताना विझतो आणि पुन्हा पहिल्यापासून चालू होतो. रोज हे झालं तर कधीतरी मेमरी कार्डवरची फाइल अर्धवट राहते, आणि दोष कार्डाला दिला जातो. तुमचा कॅमेरा प्रत्येक स्टार्टला दोनदा आवाज करत असेल, तर आधी हे तपासा.

इग्निशनची लाइन सेल्फच्या वेळी सहसा टिकते, पण सगळ्याच टिकतात असं नाही. ब्लोअर किंवा वायपरसारख्या जड लाइनही काही गाड्या तोडतात. म्हणून कोणाला तरी सेल्फ मारायला बसवा आणि तुम्ही मीटरकडे बघा. व्होल्टेज क्षणभर १० च्या आसपास उतरलं तर ठीक आहे, शून्यावर गेलं तर तो फ्यूज सोडून द्या. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीत तर ही चाचणी टाळूच नका, कारण तिथे एका फेरीत अनेकदा सेल्फ लागतो.

गाडी झोपायच्या आधी निकाल देणं

ही चूक सगळ्यात महाग पडते. नव्या गाड्यांत चावी काढली म्हणजे सगळं बंद झालं असं होत नाही. दिवे, कुलपं वगैरे सांभाळणारा गाडीतला छोटा कॉम्प्युटर, म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल, काही लाइन दार उघडेपर्यंत चालू ठेवतं, काही दहा मिनिटं, काही त्याहून जास्त. चावी काढल्यावरही रेडिओ वाजत राहतो आणि दार उघडल्यावर गप्प होतो, तो याच कारणाने. उलटही होतं. दार उघडं असताना, किंवा खिशात रिमोट घेऊन तुम्ही शेजारी उभे असताना गाडी पूर्ण झोपतच नाही, म्हणजे तिची इलेक्ट्रॉनिक्स जागीच राहते. मग मीटरवर १२ व्होल्ट दिसतात आणि चांगला फ्यूज ‘कायम चालू’ म्हणून नापास होतो.

तपासायची पद्धत सोपी आहे, फक्त वेळ खाते. मीटरच्या वायरी फ्यूज बॉक्समधून बाहेर काढून मीटर खिडकीतून दिसेल असं ठेवा. फ्यूज बॉक्स दारामागे असेल आणि दार उघडंच ठेवावं लागत असेल, तर दाराचं लॅच, म्हणजे दाराच्या कडेचा कुलपाचा आकडा, स्क्रूड्रायव्हरने बंद करा म्हणजे गाडीला दार लागलं असं वाटेल. शेवटी कुलूप उघडून हँडल ओढून ते लॅच मोकळं करायला विसरू नका, नाहीतर दार आपटताच ते धातूवर आदळेल. गाडी लॉक करा, रिमोट लांब ठेवून या, अर्धा तास थांबा आणि मग आकडा बघा. एवढी सबुरी नसेल तर निदान दोन दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरते का, यावर लक्ष ठेवावं लागेल, आणि ती चाचणी जास्त त्रासाची आहे.

चार्जिंगच्या सॉकेटवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. काही गाड्यांत ते चावीवर असतं, काहींत कायम चालू, तर काही गाड्यांत पुढचं एका प्रकारचं आणि डिकीतलं दुसऱ्या. निदानाच्या ओबीडी पोर्टवरून करंट घेण्याचा सल्लाही बऱ्याचदा मिळतो. त्या पोर्टची १६ नंबरची पिन थेट बॅटरीवर असते. पार्किंगमध्येही चालू राहायचं असेल तरच ती कामाची.

मीटरवर १२ दिसले म्हणजे करंट मिळेल असं धरणं

चांगल्या डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण १० मेगाओम असतो, म्हणजे तो लाइनवरून जवळपास काहीच ओढत नाही. त्यामुळे अर्धवट तुटलेली किंवा मॉड्यूलमधून गळून आलेली लाइनही त्याला १२ व्होल्टची वाटते. डॅशकॅम जोडला की ते व्होल्टेज गायब होतं. केबिनच्या दिव्याच्या अर्थ-बाजूची वायर हे नेहमीचं उदाहरण. दिवा बंद असताना तिच्यावर फिलामेंटमधून आलेले १२ व्होल्ट दिसतात, पण तिथून करंट घ्यायला गेलात तर दिवाच मंद उजळतो आणि यंत्र उपाशी राहतं.

अशा वेळी बल्बवाला टेस्ट लॅम्प उपयोगी पडतो, कारण तो खरोखर करंट ओढतो. पण तो फ्यूज बॉक्सपुरताच ठेवा. कंट्रोलर आणि सेन्सरच्या बारीक वायरींना तो टोचू नये, आणि पिवळ्या कनेक्टरच्या एअरबॅग वायरिंगला तर मीटरसुद्धा लावू नये.

मीटर सात-आठ व्होल्ट दाखवत असेल, तर ती लाइन बहुधा वेगाने चालू-बंद होते आहे. डॅशबोर्डच्या दिव्यांची तीव्रता अशीच कमी-जास्त केली जाते. अशा लाइनवर इलेक्ट्रॉनिक यंत्र नीट चालत नाही.

फ्यूज टॅप उलटा बसवणं

मूळ वायर न कापता करंट घेण्यासाठी फ्यूजच्या खाचेत बसणारा जोड म्हणजे टॅप. तो दोन फ्यूज धरतो. खालचा गाडीचा मूळ, वरचा तुमच्या यंत्राचा. टॅपच्या दोन पायांपैकी एक पाय दोन्ही फ्यूजना करंट पुरवतो आणि तो खाचेच्या बॅटरीकडच्या बाजूला यायला हवा. उलटा बसला तरी यंत्र चालतं, म्हणून कोणाला कळत नाही. पण मग तुमचा करंट मूळ फ्यूजमधून जातो आणि त्या फ्यूजवर दोघांचा भार पडतो. अर्धा अँपिअर ओढणाऱ्या डॅशकॅमने आकाश कोसळणार नाही. जड यंत्र असेल तर मूळ फ्यूज उडेल आणि त्याच्यासोबत गाडीचं एखादं कामही बंद पडेल.

बाजू ओळखायला मूळ फ्यूज उपटा, चावी चालू करा आणि खाचेच्या दोन्ही बाजू तपासा. जिथे १२ व्होल्ट येतात ती बॅटरीची बाजू. फ्यूज जागेवर असताना हे कळत नाही, तेव्हा दोन्हीकडे १२ च दिसतात. टॅपचा पाय ओळखायला त्यात फक्त वरचा फ्यूज घाला. ज्या पायापासून बाहेरच्या वायरपर्यंत मीटर बीप देतो, तो बॅटरीकडे जाणारा पाय.

टॅपचा आकारही जुळला पाहिजे. मिनी, लो-प्रोफाइल मिनी, मायक्रो असे वेगवेगळे प्रकार आहेत. जाड पायाचा टॅप रेटून बसवला तर खाच फाकते, संपर्क ढिला पडतो आणि ती जागा तापते. फ्यूज हा वायर जळू नये म्हणून असतो, त्यामुळे उडाला की मोठा घालायचा हा उपाय मुळीच नाही. डॅशकॅमला २ किंवा ३ अँपिअर पुरतात.

कोणता फ्यूज घ्यायचा, तर रेडिओ, मागचा वायपर, सीट हीटर, सनरूफ अशा बिनमहत्त्वाच्या कामांचा. एअरबॅग, एबीएस, स्टिअरिंग, इंजिन कंट्रोलर आणि इंधन पंप यांच्याकडे बघूसुद्धा नका, चाचणीत कितीही छान उतरले तरी.

अर्थ कुठेही लावणं

यंत्र मधूनच बंद पडतं, खड्ड्यात गाडी आदळली की पुन्हा सुरू होतं, अशी तक्रार असेल तर दहापैकी नऊ वेळा मी अर्थ आधी बघेन. रंग लावलेला बोल्ट किंवा प्लास्टिकच्या ट्रिमला धरणारा स्क्रू म्हणजे अर्थ नाही. उघड्या धातूत घट्ट बसलेला, शक्यतो कंपनीनेच अर्थसाठी दिलेला बोल्ट शोधा, पण एअरबॅगच्या अर्थचा नको. यंत्र चालू असताना त्या बोल्टपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज मोजा. ०.१ पेक्षा जास्त आलं तर जागा बदला.

निगेटिव्ह टर्मिनलवरच सेन्सर बसवलेला असेल, तर अर्थ थेट बॅटरीच्या टोकाला लावू नका. तुमचा करंट सेन्सरला वगळून जातो आणि चार्जिंगचा हिशोब चुकतो. बॉडीला लावा.

तीन वायरींची गल्लत

पार्किंग मोड म्हणजे गाडी उभी असतानाही कॅमेरा चालू ठेवायची सोय. त्याच्या वायरिंग किटमध्ये सहसा पिवळी वायर कायम करंटची, लाल चावीवरची आणि काळी अर्थची असते. रंग किटच्या कागदावरून खात्री करून घ्या. पिवळी-लाल अदलाबदल झाली, किंवा दोन्ही एकाच फ्यूजवर घेतल्या, तर पार्किंग मोड नीट लागतच नाही.

लागला तर दुसरी काळजी. पाव अँपिअर ओढणारा कॅमेरा दिवसाला ६ अँपिअर-तास खातो. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांच्या आत अर्ध्यावर येते. किटमध्ये व्होल्टेज उतरल्यावर तोडायची सोय असते, पण ती ११.८ वर ठेवली तर काही उपयोग नाही. त्या आकड्याला लेड-अ‍ॅसिड बॅटरी जवळजवळ रिकामीच असते. १२.२ किंवा त्याहून वर ठेवा.

यूएसबीवर चालणाऱ्या यंत्राला १२ चे ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर मध्ये लागतोच. तो स्वस्तातला असेल तर एफएम रेडिओत खरखर येते, कधी जीपीएसला उपग्रह सापडायला वेळ लागतो. कन्व्हर्टर काचेजवळ न ठेवता फ्यूज बॉक्सशेजारी ठेवा. पुढच्या काचेशेजारच्या खांबातून वायर वर नेताना ती तिथल्या पडदा-एअरबॅगच्या मागून जाऊ द्या, पुढून नको. आणि दाबून बसवायचे निळे-लाल झटपट जोड वापरू नका. ते मूळ वायरीच्या तारा कापतात आणि वर्षभराने जो दोष निघतो, तो शोधायला फ्यूज शोधण्यापेक्षा दुप्पट वेळ लागतो.