पहिली मुंबई मॅरेथॉन: ठाण्याच्या धावपटूने घरच्यांसोबत करायची आखणी

२००४ साली सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन साधारणपणे जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, पहाटे पाचला सीएसएमटीहून सुटते. ठाण्यातून दरवर्षी खूप जण ती धावायला जातात आणि अनेकांच्या घरची मंडळीही मागोमाग येतात. पण धावणाऱ्याने चार-पाच महिने घासून तयारी केलेली असते आणि घरच्यांचं नियोजन मात्र आदल्या रात्री जेवताना होतं. मग पाच तास गर्दीत उभं राहूनही आपला माणूस दिसतच नाही. हे टाळता येतं. त्यासाठी एक गोष्ट पक्की करा: घरच्यांची खरी गरज पंचविसाव्या किलोमीटरनंतर लागते. त्याआधीचा सगळा वेळ आणि जोर वाचवून ठेवायचा.

याला कारण आहे. शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा बहुतेकांना तीसेक किलोमीटरपर्यंत पुरतो, त्यानंतर पाय जड होतात आणि डोकं थांबायची कारणं शोधू लागतं. मुंबईत त्याच सुमारास ऊन चढलेलं असतं. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, म्हणजे पहिले दोन तास अंधारात आणि गारव्यात जातात. तेव्हा प्रत्येकालाच आपण भारी धावतोय असं वाटतं. साडेआठनंतर दमट उन्हात तोच वेग अंगावर येतो.

आधी पेस, मग जागा

घरच्यांनी कुठे आणि किती वाजता उभं राहायचं, हे तुमच्या पेसवर, म्हणजे एक किलोमीटरला लागणाऱ्या मिनिटांवर, ठरतं. अलीकडच्या हाफ मॅरेथॉनची वेळ दुप्पट करा आणि पहिल्या खेपेसाठी त्यात अर्धा तास मिळवा. हाफ अडीच तासांत होत असेल तर साडेपाच तास धरा. त्याहून कमी धरलं तर शेवटचे दहा किलोमीटर त्याची वसुली करतात.

समजा पेस किलोमीटरला ८ मिनिटांचा आहे. सुरुवातीच्या गर्दीमुळे स्टार्टची रेषा ओलांडायलाच दहा मिनिटं जाऊ शकतात, म्हणून ५:१० पासून मोजा. १० किमी ६:३० ला, अर्धं अंतर ८ च्या जरा आधी, ३० किमी ९:१० ला, ३५ किमी ९:५० ला, ४० किमी १०:३० ला आणि फिनिश १०:४८ च्या आसपास. तिसाव्या किलोमीटरनंतर पेस १० मिनिटांवर घसरला, आणि पहिल्यांदा धावणाऱ्यांचा तो बरेचदा घसरतो, तर चाळिसावा किलोमीटर १०:५० ला येईल. म्हणून घरच्यांना एक नेमकी वेळ सांगू नका, दोन वेळांच्या मधला अवकाश सांगा. तिसाव्या किलोमीटरच्या आधी हा अवकाश अर्ध्या तासाचा ठेवा आणि त्यानंतर पाऊण तासाचा.

हे सगळं एका कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात द्या. स्पर्धेच्या अ‍ॅपवर बिब नंबर, म्हणजे धावपटूच्या छातीवरचा क्रमांक, टाकला की टायमिंग चिपमुळे धावपटू कुठवर पोहोचला ते दिसतं. मात्र ती माहिती मार्गात अंथरलेल्या, चिप टिपणाऱ्या चटयांवर पाय पडतो तेव्हाच बदलते, मधल्या अंतराचा तो अंदाजच असतो. शिवाय गर्दीत नेट मंदावतं. कागद हाताशी असलेला बरा.

कुठे उभं राहायचं

मार्ग दरवर्षी थोडाफार बदलतो, त्यामुळे आयोजकांचा त्या वर्षीचा नकाशा बघितल्याशिवाय काहीही ठरवू नका. गेल्या अनेक वर्षांची चाल मात्र ओळखीची आहे: दक्षिण मुंबईतून मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजी अली, वरळी, सी लिंक, माहीम, आणि परत दक्षिणेकडे. सी लिंकवर प्रेक्षकांना जाता येत नाही. तिथे धावपटू एकटा असतो, हे त्यालाही आधी सांगून ठेवा.

ठाण्याच्या कुटुंबासाठी दोन जागा सगळ्यात सोयीच्या. पहिली शिवाजी पार्कच्या बाजूचा वीर सावरकर मार्ग, साधारण पंचविशीच्या पुढचा किलोमीटर. ठाण्याहून फास्ट लोकलने दादर, पश्चिमेला उतरून पंधरा-वीस मिनिटं चालत. वरच्या हिशेबाने तुमचा माणूस इथे साडेआठ ते नऊच्या दरम्यान येतो. म्हणजे घरच्यांनी सातची लोकल पकडली तरी पुरतं, पहाटे तीनला अख्खं घर उठवायची गरज नाही. आजी-आजोबा असतील तर त्यांना टेकायला पार्काचा कट्टा आहे.

दुसरी जागा मरीन ड्राइव्ह, शेवटच्या तीन-चार किलोमीटरांत. शिवाजी पार्कहून नऊला निघालात की चालत दादर, तिथून पश्चिम रेल्वेची स्लो लोकल आणि चर्नी रोडला उतरून चौपाटीकडे. दहापर्यंत तुम्ही जागेवर असता आणि धावपटू सव्वादहा ते अकराच्या दरम्यान येतो. टॅक्सी किंवा स्वतःच्या गाडीच्या भरवशावर राहू नका, मार्गालगतचे रस्ते बंद असतात. २०२५ च्या ऑक्टोबरपासून मेट्रो ३ थेट कफ परेडपर्यंत धावते, तिचाही पर्याय आहे. फक्त रविवारी पहिली गाडी कितीला आहे ते बघा, आणि भुयारात मोबाइलची रेंज भरवशाची धरू नका.

या दोन्हींच्या मध्ये पेडर रोडचा चढ येतो. एरवी गाडीतून जाताना जाणवणारही नाही इतकाच तो आहे, पण परतीच्या वाटेवर तीस किलोमीटर ओलांडलेल्या पायांना तो फार मोठा वाटतो. एकाच तुकडीला शिवाजी पार्क, पेडर रोड आणि मरीन ड्राइव्ह हे तिन्ही गाठणं जमत नाही, धावपळीत एक तरी हुकतं. घरात पाच-सहा जण असतील तर दोन तुकड्या करा. तरुण मंडळी ग्रँट रोडला उतरून चालत केम्प्स कॉर्नरमार्गे चढावर जातील, बाकीचे शिवाजी पार्कला थांबतील. तीनच जण असाल तर पेडर रोड सोडून द्या. तिथले रहिवासी स्वतःहून खाली उतरून सगळ्यांना ओरडून बळ देतात, तुमचा माणूस तिथे पोरका राहत नाही.

नवी मुंबईहून येणाऱ्यांनी हार्बरने कुर्ला गाठावं आणि तिथे दादरसाठी गाडी बदलावी. पुढचं सगळं सारखंच.

बाजू ठरवताना ‘समुद्राकडे’, ‘स्टेशनकडे’ असं बोलू नका. ‘धावणाऱ्याच्या डाव्या हाताला’ किंवा ‘उजव्या हाताला’ एवढंच बोला आणि तेच कागदावर लिहा. धावपटूंचा लोंढा सुरू झाला की रस्ता ओलांडता येत नाही. चुकीच्या बाजूला अडकलात तर वीस फुटांवरूनही हाक पोहोचत नाही. आणि शोधायचं काम धावपटूने घरच्यांचं करायचं, उलटं नव्हे: हजारो टी-शर्टांच्या गर्दीत एक चेहरा हुडकणं अवघड, पण कडेला ठरल्या जागी धरलेला मोठा पिवळा फलक धावणाऱ्याला लांबूनच दिसतो.

फलक, आवाज आणि शब्द

फलक खोक्याच्या पुठ्ठ्याचा करा, थर्माकोल नको. दोन बाय तीन फूट पुरे. अक्षरं किमान दहा सेंटिमीटर उंच, जाड काळ्या मार्करने, पिवळ्या किंवा पांढऱ्या कागदावर. तीन-चार शब्दांपेक्षा जास्त लिहिलं तर धावताना वाचून होत नाही. नाव हवंच. ‘आई, चल!’ किंवा ‘बाबा, भारी!’ एवढ्याने काम होतं.

थाळी-चमचा, डफली, लेझीम, काहीही चालेल. माहीमला हिंदुजा आणि पेडर रोडला जसलोक ही इस्पितळं मार्गावर आहेत, त्यांच्या आसपास वाद्यं बंद ठेवा.

शब्दांकडे मात्र नीट लक्ष द्या. सव्विसाव्या किलोमीटरला ‘आता थोडंच राहिलं’ म्हणू नका. थोडं राहिलेलं नाही, हे धावणाऱ्याला ठाऊक असतं आणि त्या वाक्याने तो खचतो. खरी आणि उपयोगी माहिती द्या: ‘पुढच्या वळणावर पाणी आहे’, ‘चढ संपला’, ‘वेळेत आहेस, असाच जा’. ‘दमलास का?’, ‘पाय दुखतोय का?’ हे प्रश्न नकोत. आणि तुमचा माणूस पुढे गेला तरी फलक खाली ठेवू नका, मागून येणाऱ्यांच्या बिबवर नाव छापलेलं असतं ते वाचून हाका मारा.

बाटली द्यायची रंगीत तालीम

घरच्यांकडून काही खायला-प्यायला घेणार असाल तर आधी स्पर्धेचे नियम वाचा. परवानगी असली तरी बॅरिकेडच्या आत पाय टाकायचा नाही आणि बिबशिवाय सोबत धावायचं नाही. त्यामुळे धावपटू बाद होऊ शकतो आणि मागच्यांना अडथळा होतो.

तालीम डिसेंबरमधल्या सगळ्यात लांब लाँग रनला, म्हणजे सरावाच्या लांब धावेला, करा. उपवन तलावाचा काठ त्यासाठी उत्तम. २४ किलोमीटर सपाटीवर, मग उपवनहून येऊरचा चढ, असा क्रम लावला की पेडर रोडचीही तयारी होते. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तेव्हा वनखात्याच्या गेटच्या वेळा पाळा. घोडबंदर रोडच्या मुख्य मार्गिकेवर अवजड वाहनं असतात, तिथे अंधारात धावू नका. परत उपवनला आलात की घरचे कडेला उभे.

इथे नेहमी काय बिघडतं? झाकण घट्ट असतं. बाटली लिटरची आणि जड असते. देणारा अचानक समोर येतो. उपाय सोपे आहेत: २०० ते २५० मिलीची हलकी बाटली, झाकण आधीच सैल केलेलं, हात बाजूला लांब केलेला, आणि बाटली तळाशी धरलेली, म्हणजे घेणाऱ्याला वरचा भाग मोकळा मिळतो. धावपटूने बाटली घेऊन वीस-तीस पावलं चालावं, निवांत प्यावं आणि पुन्हा धावायला लागावं. त्या तीस सेकंदांचं काही बिघडत नाही.

बाटलीत ओआरएस द्यायचं असेल तर एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच घाला आणि त्यातून छोट्या बाटल्या भरा. पाव लिटरमध्ये अख्खं पाकीट ओतलं की ते अतिखारट होतं आणि पोट बिघडतं. खायला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, धावताना घ्यायच्या बहुतेक एनर्जी जेलमध्येही २० ते २५. मीठ लावलेला उकडलेला बटाटा आणि संत्र्याच्या फोडी पेडर रोडच्या सुमारास अमृतासारख्या लागतात. चिक्की आणि राजगिऱ्याचा लाडू टाळा, कोरड्या घशात अडकतात. जे लाँग रनला खाल्लेलं नाही ते रेसला खायचं नाही, आणि दुखतंय म्हणून वाटेत आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, पाणी कमी झालेल्या शरीरात त्या मूत्रपिंडाला धोका करतात.

पाणी तहान लागेल तसं घ्या. घरच्यांनी मायेपोटी प्रत्येक ठिकाणी ‘पी, अजून पी’ करू नये. नुसतं साधं पाणी अति प्यायल्याने रक्तातलं सोडियम घटतं आणि तेही जिवावर बेतू शकतं.

आदला दिवस आणि पहाट

बिब घ्यायला मूळ ओळखपत्र घेऊन स्वतः जा, आणि जमेल तर शनिवारच्या आधीच. शनिवारी तासन्‌तास पायावर उभं राहणं परवडत नाही. बिबच्या मागे रक्तगट आणि घरच्यांचा नंबर लिहा. रात्री वरण-भात, बटाट्याची भाजी असं साधं आणि लवकर जेवा. मामलेदारची मिसळ सोमवारसाठी राहू द्या. पहाटे अडीच-तीनला केळी, ब्रेड-जॅम. काखा, मांड्या आणि छातीला व्हॅसलीन चोळा, नाहीतर घामाने कापड घासून रक्त येतं.

गेल्या काही वर्षांत रेल्वेने स्पर्धकांसाठी पहाटे विशेष लोकल सोडल्या आहेत. वेळा काही दिवस आधी जाहीर होतात, त्या तपासा. चारच्या सुमारास सीएसएमटीला पोहोचलात तर सामान जमा करणं आणि शौचालयाची रांग, दोन्ही उरकतं.

फिनिशनंतर

फिनिशपाशी घरच्यांना सोडत नाहीत. धावपटूंना पदक, पाणी आणि सामानासाठी आझाद मैदानाकडे नेतात. भेटायची जागा आधीच ठरवा आणि ती ‘सीएसएमटीला’ इतकी मोघम नको. मेट्रो सिनेमाजवळचा वासुदेव बळवंत फडके चौक चांगला: मैदानापासून जवळ आणि मरीन ड्राइव्हहून घरच्यांना चालत येण्याजोगा. बाहेर पडायचं गेट कुठे आहे ते मात्र नकाशावर बघा. फोन लागला नाही तर ‘साडेअकराला ठरलेल्या कोपऱ्यावर, मग दर अर्ध्या तासाने तिथेच’ असा नियम करा.

घरच्यांनी सोबत कोरडा शर्ट, चपला, रुमाल, मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत आणि काहीतरी खारट न्यावं. धावून आल्यावर लगेच बसवू नका. पायांत साचलेलं रक्त वर यायला दहा-पंधरा मिनिटं हळूहळू चालणं लागतं, नाहीतर भोवळ येते. बोलणं असंबद्ध झालं, पावलं वेडीवाकडी पडली, किंवा भरपूर पाणी पिऊन डोकं दुखत उलट्या होत असतील तर आणखी पाणी न देता थेट वैद्यकीय मदत कक्षात न्या.

परतीला रविवारचा मेगाब्लॉक आडवा येऊ शकतो. तो बहुधा सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारी चारच्या आसपास संपतो, आणि पश्चिम रेल्वेवरही रविवारी ब्लॉक असतो. शुक्रवार-शनिवारचं वर्तमानपत्र बघा. लोकल सीएसएमटीहूनच पकडा, म्हणजे गाडी रिकामी मिळते आणि धावपटूला बसायला जागा. ठाण्याला पूल चढायला लागू नये म्हणून सरकता जिना किंवा लिफ्ट जवळ येईल असा डबा निवडा. जिना उतरताना मांड्या चढण्यापेक्षा जास्त दुखतात, तेव्हा पुढे एक जण आणि कठड्याला हात.